चार भिंतींचं भाडं आणि एक मूकपट

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मी ठेवींवरच्या व्याजाबद्दल किंवा ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनांबद्दल लिहीन, अशी बहुतेकांची समजूत झाली असणार. सारा जन्म बँकेत गेलेल्या माणसाकडून दुसरं काय अपेक्षित असणार! पण व्याजदर स्मरणिका छापून होईपर्यंत बदलतात. म्हणून न बदलणारी, झालेली-गेलेली, इतिहासजमा गोष्ट निवडली आहे. गोष्ट सिनेमाची आहे, तशीच धंद्याचीही. चार्ली चॅप्लिनने १९३१ साली, सगळे बोलपटांच्या मागे धावत असताना, आपला मूक विनोदी चित्रपट न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांपर्यंत कसा नेला, त्याची ही हकीकत.

चॅप्लिनचे चित्रपट आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. माझ्या पिढीने रविवारच्या सकाळच्या मॅटिनीला, आमच्या मुलांनी दूरदर्शनवर आणि नातवंडांनी मोबाइलवर. पण चित्रपट काढणं वेगळं आणि तो लोकांपर्यंत पोचवणं वेगळं. हे दुसरं काम आपल्या नजरेस पडत नाही. जाहिरात म्हणजे आरडाओरडा, जाहिरात म्हणजे फसवणूक, असं आपण सहज बोलून जातो. या हकीकतीत जाहिरातीचं जे रूप दिसतं, ते मला जरा निराळं वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. चॅप्लिनचा पहिला चित्रपट १९१४ च्या फेब्रुवारीत लागला. ढगळ विजार, तोकडा कोट, डर्बी हॅट, काठी आणि टूथब्रशएवढी मिशी, हा अवतारही त्याच महिन्यात पडद्यावर आला. तेव्हा अमेरिकेत गल्लोगल्ली छोटी थिएटरं होती आणि चित्रपट आठवड्यात दोन-तीनदा बदलायचे. थिएटरवाल्याला लांबलचक जाहिरात करायला ना वेळ, ना पैसा. त्यावर त्यांनी साधी युक्ती काढली. चॅप्लिनचा पुठ्ठ्याचा माणसाएवढा पुतळा दाराशी उभा करायचा आणि त्यावर लिहायचं, मी आज इथे आहे. बस्स! चित्रपटाचं नाव नाही, कथा नाही. येणारा-जाणारा पुतळा बघायचा आणि तिकीट काढून आत शिरायचा. १९१५ पर्यंत तर थिएटरांत चॅप्लिनसारखं दिसण्याच्या आणि चालण्याच्या स्पर्धा भरू लागल्या. गल्लीतली पोरं वडिलांचे बूट घालून स्पर्धेला यायची आणि त्यांना बघायला त्यांचे आईवडील तिकीट काढायचे. प्रेक्षकालाच जाहिरातीत सामील करून घेण्याची ही शक्कल आजही जुनी झालेली नाही.

पुढे वितरक मंडळी प्रत्येक चित्रपटाबरोबर थिएटरवाल्याला एक पुस्तिका पाठवू लागली. तिच्यात पोस्टरचे नमुने असत, वर्तमानपत्रात द्यायच्या जाहिराती तयार असत, बातमीसारखा मजकूर असे आणि गावात काय करामती कराव्यात याच्या सूचनाही असत. परेड काढा, दुकानदारांशी संगनमत करून काचेत पोस्टर लावा, शाळकरी मुलांची स्पर्धा घ्या, असं बरंच काही.

या करामतींना काळी बाजूही होती. हॅरॉल्ड लॉइडचा 'सेफ्टी लास्ट' हा विनोदी मूकपट १९२३ सालचा. उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला तरुण, हे त्यातलं दृश्य अनेकांच्या ओळखीचं असेल. त्याच्या जाहिरातीसाठी मार्च १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या भिंतीवर एक माणूस खरोखरच चढत गेला. खाली मोठी गर्दी जमली होती. त्याचा हात सुटला आणि तो लोकांच्या डोळ्यांदेखत खाली पडून गेला. पडद्यावर गंमत म्हणून जे दाखवायचं होतं, त्यासाठी रस्त्यावर एका माणसाचा जीव गेला. प्रेक्षक गोळा करायचे म्हणजे कुठवर जायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडेही या विद्येचे जाणकार होते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे आपण शाळेत शिकलो. पुढे दादासाहेब फाळके तो चित्रपट सुरतेला घेऊन गेले, तेव्हाचा किस्सा सांगतात. पहिल्या दिवशी गल्ला जमला अवघा तीन रुपये. कारण काय, तर तिथल्या लोकांना दोन आण्यात पाच-सहा तास नाटक बघायची सवय. दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार? दादासाहेबांनी ना तिकीट कमी केलं, ना चित्रपट वाढवला. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रं आणि दोन मैल लांबीचं चित्र, सगळं फक्त तीन आण्यात! म्हणतात की दुसऱ्या दिवशी गल्ला तीनशेवर गेला.  गिऱ्हाइकाची मोजायची पट्टी तासांची होती, ती त्यांनी मैलांची करून दिली. याच दादासाहेबांनी 'पिठाचे पंजे' नावाचा छोटा विनोदी मूकपटही काढला होता, हे जाता जाता सांगतो.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'द जॅझ सिंगर' आला आणि पडदा बोलू लागला, गाऊ लागला. दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या थिएटरांनी ध्वनियंत्रणा बसवली. वादक मंडळींच्या नोकऱ्या गेल्या आणि मूकपटांचे मोठमोठे नट मागे पडले. याच काळात चॅप्लिन 'सिटी लाइट्स' काढत होता. गोष्ट साधी आहे. रस्त्यावर फुलं विकणारी एक आंधळी मुलगी एका भटक्याला श्रीमंत माणूस समजते. तिची दृष्टी परत यावी म्हणून हा कफल्लक माणूस काय काय खटपटी करतो आणि शेवटी त्यापायी तुरुंगातही जातो. हसता हसता डोळे भरून येतात, असा चित्रपट.

चॅप्लिनला बोलपट काढता आला नसता, असं अजिबात नाही. पण त्याचा विचार ठाम होता. आपला भटका तोंड उघडून इंग्रजी बोलू लागला, की तो फक्त इंग्रजी जाणणाऱ्यांचा होईल. आज तो मुका आहे म्हणून जपानपासून मुंबईपर्यंत सगळ्यांचा आहे. त्याने चित्रपटाला संगीत दिलं, तेही स्वतः बांधलेलं. थोडे आवाजही घातले. पण संवाद एकही नाही. उलट सुरुवातीलाच पुतळ्याच्या अनावरण समारंभात भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांच्या तोंडून नुसता पिपाणीसारखा चरचराट ऐकू येतो. बोलपटांना काढलेला तो चिमटाच होता.

यात पैसा त्याचा स्वतःचा होता. त्याच्याच हिशोबाने सुमारे २० लाख डॉलर गुंतले होते. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. चॅप्लिनने १९२८ मध्येच आपले शेअर आणि रोखे विकून पैसा मोकळा केला होता, म्हणून तो तगला. पण हा चित्रपट बुडाला असता तर भांडवल बुडालंच असतं, शिवाय मूक विनोदाचा धंदा संपला यावर शिक्कामोर्तब झालं असतं.

प्रदर्शनापूर्वी त्याने लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात, आगाऊ न कळवता, चित्रपट दाखवून पाहिला. ही हकीकत त्याने १९६४ च्या आत्मचरित्रात सांगितली आहे. थिएटर अर्धं रिकामं. आलेले लोक गंभीर चित्रपट पाहायला आलेले. समोर अचानक विनोदी मूकपट सुरू झाल्यावर ते गोंधळून गेले आणि निम्मा चित्रपट संपेपर्यंत सावरलेच नाहीत. हशा आला तोही क्षीण. शेवट व्हायच्या आत काही जण उठून बाहेर पडताना चॅप्लिनला अंधारात दिसले.

वाचकहो, या प्रसंगाकडे जरा लक्ष द्या. चित्रपट तोच, ज्याला पुढे जगाने डोक्यावर घेतलं.  मग तो त्या संध्याकाळी का पडला? लोकांना आपण काय बघायला आलो आहोत हे ठाऊक नव्हतं म्हणून. जेवायला या असं सांगून कीर्तनाला बसवलं, तर बुवा कितीही रसाळ असले तरी लोकांचं लक्ष पानाकडेच राहणार.

मग ३० जानेवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रीतसर उद्घाटनाचा खेळ झाला. थिएटर नवंकोरं होतं आणि याच चित्रपटाने ते सुरू होत होतं. चॅप्लिनचे पाहुणे म्हणून खुद्द आइन्स्टाइन पत्नीसह आले होते. खेळ रंगला, हशावर हशा येऊ लागला. आणि एवढ्यात चित्रपट थांबवून दिवे लागले! ध्वनिक्षेपकावरून थिएटरच्या सजावटीची आणि सोयींची तारीफ सुरू झाली. चॅप्लिन संतापाने वेडापिसा झाला आणि प्रेक्षकांनीही ओरडा केला. खेळ पुन्हा सुरू झाला, पण उतरलेला रंग चढायला वेळ लागला. शेवटच्या प्रसंगात मात्र आइन्स्टाइन डोळे पुसत होते, असं चॅप्लिनने लिहून ठेवलं आहे.

आता न्यूयॉर्क. तिथे थिएटरवाले कोमट होते. चॅप्लिनचा चित्रपट म्हटल्यावर पूर्वी ज्यांच्या उड्या पडायच्या, ते आता आमच्या तारखा बोलपटांना गेल्या आहेत म्हणून सांगू लागले. मोकळं मिळत होतं ते ब्रॉडवेवरचं जॉर्ज एम. कोहन थिएटर. ते मुळात नाटकांचं, खुर्च्या ११५०, आणि धंद्याच्या दृष्टीने पांढरा हत्ती म्हणून ओळखलं जाणारं. तिथे मिळणार होत्या फक्त चार भिंती. भाडं आठवड्याला ७ हजार डॉलर आणि आठ आठवड्यांची हमी. मॅनेजर, तिकीटविक्रेता, डोअरकीपर, मशीन चालवणारा ऑपरेटर, दिव्यांची पाटी आणि जाहिरात, सगळं भाडेकरूने आपल्या खर्चाने करायचं.

चॅप्लिनने ते घेतलं. तिथे गेल्यावर पाहतो तो त्याच्या वितरण कंपनीने दिलेल्या जाहिराती अगदी किरकोळ. आपला जुना दोस्त परत आला आहे, अशा थाटाच्या. तो भडकला. आपलं थिएटर नेहमीचं सिनेमाचं नाही, तेव्हा आपण कुठे आहोत हे आधी लोकांना कळलं पाहिजे, असं त्याने बजावलं. मग त्याने प्रमुख वर्तमानपत्रांत रोज अर्ध्या पानाची जाहिरात सुरू केली. तिच्यात कौतुकाचा एक शब्द नव्हता. चार्ल्स चॅप्लिन, कोहन थिएटर, 'सिटी लाइट्स', दिवसभर सलग खेळ, तिकीट ५० सेंट आणि १ डॉलर. एवढाच मजकूर, सगळा एकाच आकाराच्या ठळक अक्षरांत. वर्तमानपत्रांवर त्याने ३० हजार डॉलर जादा खर्च केले आणि थिएटरच्या दर्शनी भागावरच्या विजेच्या पाटीसाठी आणखी ३० हजार. रात्रभर जागून पडद्यावरच्या चित्राचा आकार जुळवून घेतला. दुसऱ्या दिवशी पत्रकारांना बोलावून, बोलपटांच्या जमान्यात आपण मूकपट का काढला, ते सांगितलं.

तिकिटाच्या दरावरून कंपनीच्या लोकांशी वाद झालाच. इतर मोठ्या थिएटरांत ३५ ते ८५ सेंटमध्ये बोलपट, वर रंगमंचावरचा कार्यक्रम मिळत होता. मग मुक्या चित्रपटाला डॉलर कोण देणार? चॅप्लिनचं उत्तर असं की, ज्याला हा चित्रपट पाहायचाच आहे तो पंधरा सेंटसाठी माघारी फिरणार नाही. दर उतरवला तर आपला माल उतरलेला आहे असं आपणच कबूल केल्यासारखं होईल.

आता माझ्या मूळच्या व्यवसायाला स्मरून थोडा हिशोब. भाड्याची हमी आठ आठवडे गुणिले ७ हजार, म्हणजे ५६ हजार. जाहिरात आणि पाटी मिळून ६० हजार. पहिलं तिकीट फाटण्याआधीच १ लाख १६ हजार डॉलरची जबाबदारी, पगार वेगळे. तारण काय, तर एक मूकपट, ज्याला बाजारातले जाणकार कालबाह्य म्हणत होते. हा प्रस्ताव कुठल्याही शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर गेला असता, तर चहा पाजून परत पाठवला गेला असता.

६ फेब्रुवारी १९३१ रोजी कोहनमध्ये चित्रपट लागला. चॅप्लिन सांगतो की पहिल्या आठवड्यात ८० हजार डॉलर जमले. त्याच सुमाराला जवळच्या पॅरामाउंटमध्ये तीन हजारांहून जास्त खुर्च्या, बोलपट, शिवाय मॉरिस शेव्हालिए हा गायक-नट प्रत्यक्ष हजर, आणि गल्ला ३८ हजार. मी सवयीने ताळा करून पाहिला. रोज दहा खेळ धरले तर ११५० गुणिले दहा गुणिले सात, म्हणजे ८०,५०० खुर्च्या होतात. म्हणजे ८० हजार जमायला जवळजवळ प्रत्येक खुर्ची डॉलरलाच जायला हवी. तेहतीस वर्षांनी आठवणीतून सांगितलेला आकडा आहे, थोडा फुगला असेल. पण तो निम्मा धरला तरी छोट्या थिएटरने मोठ्याला मागे टाकलं, हे उरतंच. चित्रपट तिथे बारा आठवडे चालला आणि चॅप्लिनच्या म्हणण्याप्रमाणे खर्च वजा जाता चार लाखांवर डॉलर सुटले.

तिथून तो लंडनला गेला. २७ फेब्रुवारीला डोमिनियन थिएटरमधल्या पहिल्या खेळाला बर्नार्ड शॉ त्याच्या शेजारी होते. त्याच प्रवासात, सप्टेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी आलेल्या महात्मा गांधींशी त्याची लंडनच्या ईस्ट एंडमधल्या एका साध्या घरात भेट झाली. यंत्रांवरून दोघांचं बोलणं झालं. मूकपटासाठी यंत्रयुगाच्या नव्या लाटेविरुद्ध उभा राहिलेला माणूस यंत्रांची बाजू गांधीजींपुढे मांडत होता, हाही एक योगायोगच.

आणि आपल्याकडे? कोहनमध्ये 'सिटी लाइट्स' गर्दी खेचत असतानाच, १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, भारताचा पहिला बोलपट. त्याच्या तिकिटांसाठी झुंबड उडाली. पुढच्या वर्षी 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये मूकपटाने शेवटची मोठी बाजी मारली त्याच दिवसांत मुंबईत बोलपटाने पहिली बाजी मारली. काळ बोलपटांचाच होता आणि चॅप्लिन एकटा तो थोपवू शकला नाही. पण त्या घाईत एका चांगल्या चित्रपटाचा बळी जाऊ नये, एवढं त्याने नक्की केलं.

मला या हकीकतीत महत्त्वाचं वाटतं ते असं. चॅप्लिनने लोकांना भुलवलं नाही. पुतळ्याचे दिवस मागे पडले होते, भिंतीवर माणूस चढवायचीही त्याला गरज पडली नाही. कोण, कुठे, काय, किती वेळ आणि किती पैसे, एवढंच त्याने मोठ्या अक्षरांत आणि रोज सांगितलं. आणि मूकपट असल्याचं लपवण्याऐवजी तेच पुढे केलं. लॉस एंजेलिसच्या त्या अंधाऱ्या संध्याकाळी उठून गेलेले लोक आणि न्यूयॉर्कला डॉलर मोजून आलेले लोक, यांच्या आवडीनिवडीत फार फरक असेल असं मला वाटत नाही. फरक एवढाच की दुसऱ्यांना आपण कशाला चाललो आहोत हे माहीत होतं. खरी जाहिरात प्रेक्षकाला नुसतं दारापर्यंत आणत नाही, खुर्चीत बसण्याआधी त्याचं मन तयार करते.

आपल्या सूचनाफलकालाही हे लागू आहे, असं म्हटलं तर कार्यकारिणीने रागावू नये. 'सांस्कृतिक कार्यक्रम आयोजित केला आहे, सर्वांनी उपस्थित राहावे' एवढ्याने खुर्च्या भरत नाहीत. कोण गाणार, किती वाजता, किती वेळ, लहान मुलांसाठी आहे की मोठ्यांसाठी, हे ठळक लिहिलं की माणसं जिन्याने उतरतात. लिफ्ट बंद असली तरी!

रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमांत एका संध्याकाळी गच्चीवर पडदा लावून 'सिटी लाइट्स' दाखवावा, अशी माझी सूचना आहे. चित्रपट सुमारे दीड तासाचा. भाषा कळायची अट नाही, त्यामुळे तिसरी-चौथीतली मुलं आणि ऐकू कमी येणारे माझ्यासारखे ज्येष्ठ, दोघांची सोय होईल. तिकीट नाही. चटई ज्याची त्याने आणावी. आणि शेवटच्या दोन मिनिटांसाठी रुमालही.